सातबारा नसला तरी मीटर मागता येतो

(शिरूर व दौंड तालुक्यांतील वनहक्क दावेदारांच्या एकत्र बैठकीत संघटनेच्या एका कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलणारा साथी परवानाधारक वायरमन आहे. भाषण थोडे आवरून छापत आहोत. वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवावे.)



सकाळपासून दाव्यांचं बोलणं चाललंय. कुणाचा दावा प्रांताकडे पडून आहे, कुणाचा नामंजूर होऊन आलाय, कुणाच्या जागेची पाहणीच झाली नाही. त्यात मला विजेच्या मीटरवर बोलायला सांगितलंय. एखाद्याला वाटेल, जमिनीच्या लढ्यात हा मीटर कुठनं आला? आधी जमीन होऊ द्या, मग दिवा लागेल.

पण आपली जमीन आणि आपला दिवा एकाच दारात अडलेत. वीज कंपनीच्या टेबलावर गेलं की पहिला सवाल, सातबारा आहे का? नाही? मग जागामालकाचा ना-हरकत दाखला आणा. जागा फॉरेस्टची आहे? मग फॉरेस्टचं पत्र आणा. फॉरेस्टवाला म्हणतो, आधी तुमचा दावा मंजूर होऊ द्या. आणि दावा किती वर्षं चालतो ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोवर पोरं अंधारात मोठी होतात.

भीमेच्या एका अंगाला दौंड, दुसऱ्या अंगाला शिरूर. तिकडं वर घोडनदी. दोन्ही तालुक्यांत उसाला पाणी आहे, पंपाला लाईन आहे. रांजणगावला एमआयडीसी, कुरकुंभला एमआयडीसी. तिकडं जाणाऱ्या मोठ्या तारा आपल्या भिल्ल, पारधी, ठाकर वस्त्यांच्या डोक्यावरून जातात. डोक्यावरून जातात, पण घरात उतरत नाहीत.

मग आपली माणसं काय करतात? तीन गोष्टी करतात.

एक म्हणजे आकडा टाकतात. आकड्याला वीज कायद्याच्या कलम १३५ मध्ये चोरी म्हटलंय, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कलम १५२ प्रमाणे तडजोड होते, घरगुती वापराला किलोवॅटमागं चार हजार रुपये भरून, पण ती आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा सापडला की खटला. आता आपल्या पारधी भावांनी विचार करावा. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला. कागदावरनं गेला, पण पोलीस पाटलाच्या मनातनं गेला का? अशा घरातल्या पोराच्या नावावर चोरीचा गुन्हा लागला, मग तो एका बल्बचा का असेना, पुढं गावात काहीही हरवलं तरी पहिली गाडी कुणाच्या दारात येईल?

दोन म्हणजे दुसऱ्याच्या मीटरवरून वायर ओढतात. शेजाऱ्याकडनं, नाहीतर बागायतदाराच्या पंपाच्या पेटीतनं. त्याला वाटतं आपण उपकार करतोय. पण ज्या जागेसाठी मीटर दिला ती सोडून दुसऱ्या जागेत वीज वापरली, तर कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर धरतात आणि त्याचं वाढीव बिल मीटरवाल्याच्या नावावर पडतं. मग तो आपल्यावर डाफरतो. शेतीच्या लाईनला थ्री फेज ठरावीक तासच असतं, कधी दिवसा तर कधी रात्री. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वायर त्याची असते. मजुरीवर दोन शब्द बोललं की वायर निघते. आपल्यातली किती माणसं वायरीपायी कमी मजुरीवर राबतात, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तीन म्हणजे काहीच करत नाहीत. बॅटरी, मेणबत्ती, मोबाईल चार्ज करायला गावातलं दुकान. उसातनं बिबट्या कधी ओट्यापर्यंत येईल सांगता येत नाही. शिरूरच्या बायांना हे मी सांगायला नको.

या तिन्ही वाटा सोडून चौथी वाट धरायची, आपल्या नावाचा मीटर. त्यासाठी आज मला एकच गोष्ट तुमच्या डोक्यात बसवायची आहे. कंपनी ज्या अटी सांगते त्या दोन जातीच्या आहेत. काही अटी आपला जीव वाचवतात. वायरिंग कसं असावं, अर्थिंग आहे का, तपासणी झाली का. या अटी आपण पुऱ्या पाळायच्या, कंपनी म्हणते त्यापेक्षा जास्त पाळायच्या. दुसऱ्या अटी फक्त आपल्याला बाहेर ठेवतात. सातबारा आणा, मालकाची सही आणा. त्यांना लेखी जवाब द्यायचा. आपलं उलटं होतं. कागदाच्या अटीपुढं आपण मान खाली घालतो, आणि वायरिंगची अट पैसे देऊन टाळतो. पहिल्यात हक्क जातो, दुसऱ्यात जीव जातो.

आधी कागदाचं बघू.

वीज कायदा २००३ सालचा आहे. त्याचं कलम ४३ पाठ करा. कलम म्हणतं, कुठल्याही जागेच्या मालकानं किंवा भोगवटादारानं अर्ज केला, की वितरण कंपनीनं एक महिन्याच्या आत वीज दिली पाहिजे. नवी लाईन टाकावी लागत असेल तर ती टाकून झाल्यावर लगेच. उशीर केला तर कंपनीला दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकारचे वीज ग्राहक हक्कांचे नियम आहेत, त्यात २०२४ साली बदल झाला आणि ग्रामीण भागासाठी मुदत १५ दिवसांवर आली.

यातला भोगवटादार हा शब्द नीट समजून घ्या. सातबाऱ्यावर आपण भोगवटादार वर्ग एक, वर्ग दोन वाचतो, तिथं त्याचा अर्थ जमीन ज्याच्या नावावर तो. वीज कायद्यात अर्थ वेगळा आहे. इथं भोगवटादार म्हणजे जो त्या जागेत राहतो, जागा वापरतो तो. कायद्यानं ‘मालक किंवा भोगवटादार’ असं लिहिलंय. नुसता मालक लिहिला असता तर आपण आज इथं बोललो नसतो.

याच गोष्टीवर १३ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात निकाल दिलाय. खटला आपल्याच महाराष्ट्रातला, मुंबई उच्च न्यायालयाकडनं वर गेलेला. न्यायालय म्हणालं, वीज ही मूलभूत सोय आहे, तिच्यापासून माणसाला वंचित ठेवता येत नाही. घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावर जोडणी नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच कंपनीनं बघायचं. आता तो खटला भाडेकरूचा होता, जंगलातल्या घराचा नव्हता. साहेब तसं म्हणेल, आणि ते खरं आहे. पण तत्त्व तेच आहे. मालकी कुणाची हा वाद वीज कंपनीच्या टेबलावर सुटायचा नसतो. त्याची जागा ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती. आणि वनहक्क कायद्याचं कलम ४, पोटकलम ५ सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत वनजमिनीवरच्या आदिवासीला हुसकता येत नाही. म्हणजे दावा चालू असेपर्यंत आपण तिथं कायद्याच्या आसऱ्यानं राहतो. मग तिथं राहणाऱ्याचा दिवा कोण अडवणार?

राहतो याचा पुरावा म्हणून काय जोडायचं? रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, घरपट्टीची पावती असेल तर ती. त्याच्या वर दाव्याची पोच. दावा दाखल केल्याची पोच ज्यांच्याकडे नाही, त्यांनी आधी वनहक्क समितीकडनं घ्या. ही पोच पेटीत ठेवायचा कागद नाही, रोज उपयोगाला येणारा आहे.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. अर्जाबरोबर पुष्कळदा स्टँपवर हमीपत्र मागतात. ‘वीजजोडणी मिळाली म्हणून जागेवर मालकी सांगणार नाही’ असं लिहिलेलं असेल तर सही करायला हरकत नाही. मीटरनं जमीन नावावर होत नाही, ते आपल्यालाही माहीत आहे. पण कधी कधी टंकलेखक आपल्या मनानं लिहितो, ‘मी वनखात्याच्या जागेत अतिक्रमण करून राहत आहे’, नाहीतर ‘खात्यानं सांगितल्यास जागा खाली करून देईन’. असल्या कागदावर अंगठा उठवायचा नाही. उद्या तोच कागद तुमच्या दाव्याच्या फाईलला लागेल. एका मीटरपायी पंधरा गुंठे जातील. अतिक्रमण हा शब्द कापायला लावा आणि ‘वनहक्क दावेदार’ असं लिहून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला बरोबर न्या, तिच्याकडनं दोनदा मोठ्यानं वाचून घ्या. टेबलावरचा माणूस घाई करील. त्याची घाई त्याच्यापाशी.

उलटी चूकही करू नका. मीटरचं बिल आलं म्हणजे दावा सिद्ध झाला असं समजू नका. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा आहे. आजच्या बिलानं तो दिसत नाही. म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जुनी रेशनकार्डं, जुन्या घराची जोती, घरपट्टीच्या पावत्या, हे वनहक्क नियमातले पुरावे आहेत, ते तसेच गोळा करत राहायचे. कुणाकडं २००५ च्या आधीचं विजेचं बिल असेल तर मात्र ते सोन्यासारखं सांभाळा.

हे झालं कागदाचं. आता तपासणीचं बोलतो, माझ्या धंद्याचं.

रीत अशी. ए-वन नावाचा फॉर्म भरायचा. कंपनीचा माणूस जागा बघायला येतो. मग कोटेशन निघतं, त्यात अनामत आणि जोडणीचा खर्च असतो. ते पैसे कंपनीच्या खिडकीत नाहीतर ऑनलाईन भरायचे, पावती घ्यायची. घरातलं वायरिंग परवाना असलेल्या ठेकेदाराकडनं करून त्याचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा. मग मीटर बसतो.

टेस्ट रिपोर्ट हा प्रकार नीट समजून घ्या, कारण इथं सगळ्यात जास्त लबाडी होते. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षिततेचे नियम आहेत. आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. त्याच्याही आधी १९५६ चे होते. तेव्हापासून गोष्ट तीच आहे, जोडणी देण्याआधी घरातलं वायरिंग तपासलं पाहिजे. तपासायचं यंत्र असतं, त्याला मेगर म्हणतात. ते वायरिंगवर ५०० व्होल्टचा दाब देऊन बघतं की वायरीच्या आवरणातनं करंट गळतोय का. एक मेगओमच्या खाली आकडा आला की वायरिंग नापास. पण होतं काय? ठेकेदार वस्तीवर येतच नाही. दुकानात बसून छापील फॉर्मवर आकडा टाकतो, सही-शिक्का करतो, पैसे घेतो. आपणही खूश, काम लवकर झालं. भावांनो, त्या कागदावर लिहिलेलं असतं की तुमच्या घरात करंट गळत नाही. बघितलं कुणी?

२०२४ च्या जूनमध्ये दौंड तालुक्यात दापोडीला काय झालं ते तुम्ही ऐकलंय. पत्र्याच्या खोलीत राहणारं कष्टाचं कुटुंब. कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरला. एकाला वाचवायला दुसरा गेला आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. आपली सगळ्यांची घरं पत्र्याचीच आहेत. आपल्या सगळ्यांच्या दारात तशीच तार आहे.

म्हणून घरात काय काय बघायचं ते सांगतो. बायांनी जास्त ध्यान द्या, घरात तुम्ही जास्त वावरता.

पहिलं, पत्र्याची कड. वायर पत्र्याच्या कडेवरून किंवा भोकातनं नुसती ओढायची नाही. वाऱ्यानं पत्रा हलतो, कड वायर कापते आणि सगळं घर करंटचं होतं. वायर प्लॅस्टिकच्या पाईपातनं न्यायची.

दुसरं, कपड्याची तार. लोखंडी तार काढून टाका, नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याला, विजेच्या पोलाला किंवा पोलाच्या ताणाच्या तारेला दोरीसुद्धा बांधायची नाही. ही गोष्ट आज घरी गेल्यावर करा, याला कंपनीची परवानगी लागत नाही.

तिसरं, अर्थिंग. दिव्याला फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरी पुरतात म्हणून आपण तिसरी टाकत नाही. तिसरी वायर जीव वाचवायची असते. करंट गळला तर त्याला जमिनीत जायला वाट देते, नाहीतर तो तुमच्या अंगातनं वाट काढतो. नियमाप्रमाणं कंपनीनं आपल्याला अर्थिंगचं टर्मिनल द्यायचं आणि घराची अर्थिंग आपणही करायची. ओल राहील अशा जागी खड्डा, त्यात पाईप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, उन्हाळ्यात वर बादलीभर पाणी. आपल्याकडची माळाची मुरमाड जमीन लवकर सुकते, म्हणून पाणी विसरायचं नाही. हापशाला किंवा नळाच्या पाईपाला अर्थिंगची वायर बांधायची नाही.

चौथं, बटण फेजवर असलं पाहिजे. उलटं जोडलं तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो पण होल्डरमध्ये करंट राहतो. बल्ब बदलताना माणूस चिकटतो.

पाचवं, फ्यूजमध्ये जाड तार घालायची नाही. फ्यूज उडतो म्हणजे तो आपलं काम करतो. मीटरपुढं एमसीबी बसवा. त्याच्या जोडीला गळती ओळखून लाईन तोडणारं एक यंत्र मिळतं, आरसीसीबी. ३० मिलिॲम्पिअरचं घ्या. छोट्या घराला कुणी सक्ती करो न करो, पत्र्याच्या घराला ते हवंच. खर्च आहे. पण दोन-तीन दिवसांच्या मजुरीला माणसाचा जीव महाग नाही.

सहावं, सांधे. वायरीला वायर पिळून वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळतात, तसलं नको. पावसाळ्यात मरण तिथंच असतं.

सातवं, मीटरची जागा. बाहेरून वाचता येईल, पाऊस लागणार नाही, पोरांचा हात पोचणार नाही अशी. मीटरचं सील कुणालाही तोडू द्यायचं नाही, ओळखीच्या वायरमनलाही नाही. सील तुटलं की चोरीचा संशय घरमालकिणीवर.

आणि हद्द लक्षात ठेवा. पोलापासून मीटरपर्यंत जे काही आहे, सर्व्हिस वायर, कटआउट, मीटर, त्याची जबाबदारी कंपनीची. मीटरच्या पुढं घराकडचं आपलं. सर्व्हिस वायर लोंबत असेल, पोल कलला असेल, डीपीची पेटी उघडी असेल तर आपण काठीनं सारायला जायचं नाही. शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची.

वाईट प्रसंग आलाच, तर एक माणूस ध्यानात ठेवा, विद्युत निरीक्षक. तो कंपनीचा नोकर नाही, राज्य सरकारचा आहे. विजेनं माणूस दगावला तर कंपनीनं त्याला २४ तासांच्या आत कळवायचं असतं. चौकशी त्याची असते. अशा वेळी मेन बंद करा, माणसाला कोरड्या लाकडानं सोडवा, दवाखान्यात न्या. पण तुटलेली वायर, पेटी गुपचूप बदलू देऊ नका. फोटो काढा, पंचनाम्यात लिहून घ्या. नुकसानभरपाई कुणाकडनं मागायची ते त्या अहवालावर ठरतं.

आता पोलाचा प्रश्न. ज्यांच्या घराजवळ, रस्त्याच्या कडेला पोल आहे त्यांना एवढं सगळं पुरे. पण ज्या वस्त्या आत फॉरेस्टमध्ये आहेत तिथं नवे पोल लागणार. तिथं साहेब म्हणतो, वनसंवर्धन कायदा आहे, केंद्राची परवानगी लागते. त्याला वनहक्क कायद्याचं कलम ३, पोटकलम २ दाखवा. त्यात तेरा सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, आणि पाचवी सोय विजेच्या व टेलिफोनच्या लाईनी. यांपैकी एकेका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील आणि ग्रामसभेनं शिफारस केली असेल, तर केंद्राकडं जावं लागत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर उपवनसंरक्षक मंजुरी देऊ शकतात. आपल्या माळावर गवत आणि गिरिपुष्प. पोलांसाठी झाडं तुटायची ती किती?

इथं दोन तालुक्यांत फरक आहे, तो लक्षात घ्या. शिरूर जुन्नर वनविभागात येतं, दौंड पुणे वनविभागात. शिरूरचा कागद पुण्याला आणि दौंडचा जुन्नरला नेऊन दिवस घालवू नका. वीज दोघांचीही बारामती परिमंडलात. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय दोघांना घोडेगावला.

अवघड काम ग्रामसभेचं आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला अनुसूचित क्षेत्र आहे, पेसा आहे. आपल्याकडं शिरूर-दौंडला पेसा नाही. वनहक्क कायदा मात्र सगळीकडं आहे. गाव मोठं, वस्ती आपली वीस-पंचवीस घरांची. ग्रामसभेत हात मोजले तर आपण कमी पडतो. आणि वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. म्हणून ठराव नुसता ‘पारधी वस्तीला लाईन’ असा मांडू नका. त्या लाईनीवर वाटेतल्या कुणाचं घर आहे, अंगणवाडी आहे, पाण्याची टाकी आहे, ते सगळं एका ठरावात घ्या. गावातल्या गरिबाचा फायदा दिसला तर गावही हात वर करतं. आणि ग्रामसभेच्या आधी बायांच्या बचत गटांना भेटा.

पैशाचंही बोलतो. १४ एप्रिल २०२१ ला राज्य सरकारनं अनुसूचित जाती-जमातींच्या घरगुती जोडण्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना काढली होती. ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. अशा योजना मुदतीच्या असतात, येतात आणि जातात. म्हणून अर्जातच एक ओळ लिहायची, ‘मी अनुसूचित जमातीचा आहे, सध्या लागू असलेल्या योजनेचा लाभ द्यावा आणि कोणती योजना लागू आहे ते लेखी कळवावं.’ त्याला जातीचा दाखला लागतो. पारधी घरांत दाखले नाहीत, हे दुखणं जुनं आहे. दाखल्याच्या कामाची स्वतंत्र यादी आपण करतोच आहोत. पण दाखला नाही म्हणून अर्ज थांबवायचा नाही. दाखल्यावाचून सवलत अडेल, मीटर अडत नाही.

मधल्या माणसाला पैसे देऊ नका. ‘मी करून देतो’ म्हणणारा पैसे घेतो, मीटर कधी कधी बसतोही, पण कंपनीच्या दप्तरात नोंद नसते. मग पथक येतं आणि चोर आपण ठरतो. कोटेशन नाही, पावती नाही, ग्राहक क्रमांक नाही, तर तो मीटर नाही, डबा आहे.

अर्ज तोंडी नाकारला तर भांडायचं नाही. म्हणायचं, ‘साहेब, कारण लिहून द्या.’ लिहून देत नसतील तर अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. मुदत अर्ज पूर्ण झाल्यापासून मोजतात, म्हणून काय कमी आहे तेही लेखी मागा. तरी झालं नाही तर कायद्याच्या कलम ४२ खाली ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. मंचापुढं वकील लावावा लागत नाही. आपण स्वतः जाऊन बोलू शकतो. एकट्यादुकट्यानं जायचं नाही, वस्तीचे अर्ज एका गठ्ठ्यात द्यायचे. वीस अर्जांना टेबल जपून बोलतं.

आणि मीटर बसल्यावर बिल भरायचं. थकलं तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन लाईन तोडता येते. दर महिन्याला मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळतो का ते बघा. न बघता सरासरी बिल लावलं असेल तर त्याच महिन्यात तक्रार द्या, सहा महिने साठवू नका.

तर पुढच्या बैठकीपर्यंत चार कामं. प्रत्येक वस्तीनं घरांची यादी करायची, कुणाकडं मीटर, कुणाकडं आकडा, कुणाकडं दुसऱ्याची वायर, कुणाकडं काहीच नाही. ही यादी संघटनेतच राहील, कंपनीच्या हातात पडू द्यायची नाही. दुसरं, दाव्याची पोच सगळ्यांनी काढून तिच्या तीन झेरॉक्स करायच्या. तिसरं, आत फॉरेस्टमध्ये असलेल्या वस्त्यांनी किती पोल लागतील, झाडं किती, याचा हातानं नकाशा काढायचा. चौथं, आज घरी गेल्यागेल्या कपड्याची लोखंडी तार सोडायची.

वायरिंग तपासायला मी येईन. मेगर माझ्याकडं आहे. चहा पाजा, तपासणीचे पैसे नकोत. पण टेस्ट रिपोर्ट मी घरात येऊन, मेगर लावून, आकडा तुम्हाला दाखवूनच भरून देणार. दुकानात बसून देणार नाही. जिथं नापास होईल तिथं नापास लिहीन, आणि काय दुरुस्त करायचं ते सांगीन.

जमिनीचा हक्क आपण मागतोय, तो भीक म्हणून नाही. मीटरही तसाच मागायचा. कायद्यातला आपला शब्द भोगवटादार. तो ठणकावून सांगायचा.

जय आदिवासी! संघटना जिंदाबाद!